लँदेर, माक्स

(१६ डिसेंबर १८८३ – १ नोव्हेंबर १९२५). मूकपटांच्या काळातील फ्रेंच विनोदी अभिनेता, पटकथाकार व दिग्दर्शक. मूळ नाव गाब्रिएल-माक्सिमिलियाँ लव्येल. इंग्रजी उच्चाराच्या वळणाने मराठीत ‘मॅक्स लिंडर’ असेही लिहितात. बोर्दोजवळच्या सँ-लूबेस या गावी द्राक्षमळे असलेल्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. बोर्दोच्या नाट्य-संगीत विद्यालयात त्याने शिक्षण घेतले. पॅरिसच्या विद्यालयात मात्र त्याला प्रवेश मिळू शकला नाही. रंगभूमीवर किरकोळ भूमिका करत असताना १९०५ मध्ये तो व्हँसेन येथील पाते कंपनीच्या चित्रपटांत काम करू लागला. दिवसा कॅमेऱ्यासमोर आणि रात्री रंगमंचावर, असा त्याचा काही वर्षांचा क्रम होता.

उंच रेशमी टोपी, शेपटीचा कोट, हातमोजे, छडी, चकचकीत बूट आणि बारीक मिशी हा त्याचा वेश जगभर ओळखला गेला. या वेशाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. पाते कंपनीत रने ग्रेआँ हा नट ‘गोंत्रां’ नावाच्या छानछोकी तरुणाची भूमिका करत असे. तो एक्लेर कंपनीत गेल्यावर रिकामी झालेली जागा आणि तिच्यासोबतचा पेहराव लँदेरकडे आला, असे एक मत आहे. कंपनीचा दुसरा मोठा विदूषक आंद्रे दीद याच सुमारास इटलीत गेला, ही बाबही या मताला पोषक ठरते. दुसऱ्या मतानुसार असा रंगेल श्रीमंत तरुण पॅरिसच्या हलक्याफुलक्या रंगभूमीवर आधीपासूनच होता आणि लँदेरने तो तेथून थेट उचलला. पहिले मत जागा कशी मिळाली एवढेच सांगते. ती टिकली कशी, याचे उत्तर दुसऱ्यात अधिक सापडते. दीदचा विनोद धडपड आणि मोडतोड यांवर उभा होता. लँदेरचा माक्स घरंदाज आहे, त्याला चार लोकांत अब्रू राखायची आहे आणि नेमकी तीच निसटते. म्हणूनच टोपी चेपणे ही त्याच्या चित्रपटांत मोठी घटना ठरते. १९०७ मधील नवशिक्या स्केटरवरच्या लघुपटात हा वेश ठळकपणे दिसतो. माक्स ही रूढ व्यक्तिरेखा मात्र १९०९–१० च्या सुमारास पक्की झाली, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

त्याच्या चित्रपटांची संख्या काही ठिकाणी दोनशेच्या आसपास, तर काही ठिकाणी पाचशेपर्यंत दिली जाते. या तफावतीला कारणे आहेत. सुरुवातीच्या सूचिपत्रांत नटांची नावे छापत नसत. एकच चित्रपट निरनिराळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी लागे, त्यामुळे एकाची मोजणी दोनदा-तीनदा होते. शिवाय नायट्रेट फिल्म कालांतराने चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते, त्यामुळे पडताळणीसाठी प्रतच उरत नाही. लांबीवरून मात्र बरेच समजते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने एका सेकंदाला सुमारे ३० सेंमी फिल्म लागते. म्हणजे १५० मीटरचा लघुपट साधारण आठ मिनिटे चाले. कॅमेरा आणि प्रक्षेपक दोन्ही हाताने फिरवत असल्यामुळे ही मिनिटे काटेकोर नसत. आज हे चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी दाखवले की माक्स धावपळ्या भासतो. ती चूक प्रक्षेपणाची असते, अभिनयाची नव्हे.

या काळातला सर्वांत बांधेसूद लघुपट म्हणून १९११ च्या ‘माक्स व्हिक्तिम द्यु कँकिना’ याकडे बोट दाखवावे लागेल. डॉक्टर माक्सला शक्तिवर्धक म्हणून सिंकोनाच्या सालीचे औषधी मद्य रोज पेलाभर घ्यायला सांगतात. पेला नेमका बोर्दोची आठवण म्हणून आणलेला, घागरीएवढा. झिंगलेला माक्स एकामागून एक तीन प्रतिष्ठितांशी भांडतो. प्रत्येक जण द्वंद्वयुद्धासाठी स्वतःचे नाव-पत्त्याचे ओळखपत्र त्याच्या हाती देतो. पुढे पोलिसांना दर वेळी यांतले एक पत्र सापडते, माक्स म्हणजेच ती व्यक्ती समजून ते अदबीने सलाम करतात आणि पत्रावरच्या घरी त्याला नेऊन पोचवतात. प्रत्येक हास्यस्फोटाचे बी आधी पेरलेले असते. उगाच आलेली एकही वस्तू नाही.

१९१२ नंतर बार्सिलोना, बर्लिन, व्हिएन्ना, मॉस्को, सेंट पीटर्झबर्ग अशा शहरांत त्याने दौरे केले. रशियातील दौऱ्यात त्याला पियानोची साथ करणारा तरुण दिमित्री त्योमकिन पुढे हॉलिवुडचा नामवंत संगीतकार झाला. पाते कंपनीने त्याला वर्षाला दहा लाख फ्रँक दिल्याचे सर्रास लिहिले जाते. हा आकडा जाहिरातीतला समजून घेतलेला बरा. पहिल्या महायुद्धात तो मोटारचालक म्हणून सैन्यात गेला. तो जखमी झाला की विषारी वायूने आजारी पडला, याविषयी वृत्तांत जुळत नाहीत. प्रकृती मात्र कायमची खालावली. चॅप्लिन सोडून गेल्यावर अमेरिकेतील एसने कंपनीने १९१६ मध्ये त्याला बोलावले. बारा लघुपटांचा करार होता. तीनच झाले आणि आजारपणामुळे तो परतला.

अमेरिकेच्या दुसऱ्या फेरीत त्याने स्वतः निर्मिलेला ‘सेव्हन इयर्स बॅड लक’ (१९२१) मुख्यतः आरशाच्या प्रसंगासाठी स्मरणात आहे. नोकराच्या हातून आरसा फुटतो. मालकाला कळू नये म्हणून स्वयंपाकी मालकाचाच वेश करून रिकाम्या चौकटीमागे उभा राहतो आणि रात्रीच्या मद्याने डोके जड झालेला माक्स त्याच्यासमोर दाढीचा फेस लावू लागतो. चौकटीत काच नसणे ही चित्रीकरणाची सोयही होती, कारण खऱ्या आरशात कॅमेरा दिसला असता. पण मग खोलीची उलटी प्रतिकृती मागे मांडावी लागते. प्रतिबिंबात डावे-उजवे बदलते, म्हणून माक्सने उजव्या हाताने ब्रश उचलला की स्वयंपाक्याने डावा हात चालवायचा. केसांचा भांग, खिसा, कोटाची गुंडी माक्सच्या ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला स्वयंपाक्याच्या अंगावर हवी. उंचीत दोन बोटांचा फरक असला तरी डोळ्यांची रेषा मोडते. सर्वांत अवघड असते ती वेळ. फिल्मच्या सेकंदाला १६ चौकटी असताना चौथाई सेकंदाचा उशीर म्हणजे चार चौकटी, आणि तो पडद्यावर स्पष्ट कळतो. जोडीदाराने घाई करून आधीच हात उचलला तर ते आणखी वाईट, कारण मग प्रतिबिंबच पुढाकार घेते. प्रसंग लांब सलग दृश्यांत असल्यामुळे संकलनात ही चूक झाकता येत नाही.

हा प्रसंग प्रथम कोणाचा, याची चर्चा बरीच लांबली आहे. चॅप्लिनच्या ‘द फ्लोअरवॉकर’मध्ये (१९१६) सारख्या दिसणाऱ्या दोघांची आरशासारखी समोरासमोर गाठ पडते. मार्क्स बंधूंच्या ‘डक सूप’मधील (१९३३) प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. मात्र युरोपच्या संगीत-करमणूकगृहांत फुटक्या आरशाची नक्कल त्याआधीपासून होत होती, त्यामुळे चॅप्लिन आणि लँदेर दोघेही रंगभूमीचे ऋणी असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लँदेरची भर आहे ती संशयात. त्याला शंका येते, तो पुनःपुन्हा पारख करतो, आणि अखेर लबाडी ओळखून जोडा भिरकावतो तेव्हा चौकटीत नवा खरा आरसा बसवून झालेला असतो. आरसा फुटला की सात वर्षे दुर्दैव पाठी लागते, अशी पाश्चात्त्य समजूत आहे; चित्रपटाचे नाव तेथून सार्थ होते. चॅप्लिनने आपल्या छायाचित्रावर स्वतःला लँदेरचा शिष्य म्हणवून घेतले होते, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या या फेरीतील त्याचे चित्रपट तेथे अपेक्षेइतके चालले नाहीत. फ्रान्सला परतल्यावर आबेल गांसच्या दिग्दर्शनाखाली त्याने एका लघुपटात काम केले आणि व्हिएन्नात सर्कशीवरचा शेवटचा चित्रपट पूर्ण केला. १९२३ मध्ये त्याने आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान एलेन पेतर्स हिच्याशी विवाह केला. मत्सर आणि नैराश्य यांनी हे सहजीवन ग्रासले होते. ऑक्टोबर १९२५ च्या अखेरीस पॅरिसमधील एका हॉटेलात दोघे अत्यवस्थ स्थितीत आढळले आणि दोघांचाही मृत्यू झाला. त्याची मृत्युतारीख काही ठिकाणी ३१ ऑक्टोबर दिली जाते. याला दोघांच्या संमतीची आत्महत्या म्हणण्याची प्रथा आहे. तरुण पत्नीची संमती कितपत खरी होती, ही शंका रास्त आहे.

मागे राहिलेली मुलगी मोद त्या वेळी सोळा महिन्यांची होती. तिने आयुष्यभर वडिलांच्या चित्रपटांच्या प्रती शोधल्या आणि १९६३ व १९८३ मध्ये त्यांवर आधारित दोन संकलनपट केले. लँदेरची आज पाहायला मिळणारी कामे मोठ्या प्रमाणात तिच्या खटपटीने टिकली. २०१७ मध्ये तिचे निधन झाले. पॅरिसच्या प्वासोन्येर बुलवारवरचे, एके काळी लँदेरच्या मालकीचे चित्रपटगृह त्याच्याच नावाने चालू आहे.