मोबाइल संभाषणसेवेतील गर्दी-नियंत्रण

एका टॉवरच्या टापूत एकाच वेळी बोलू पाहणारे लोक उपलब्ध वाहिन्यांपेक्षा (एका वेळी एक कॉल नेणाऱ्या वाटांपेक्षा) जास्त झाले, की कोणाला जोडायचे आणि कोणाला थांबवायचे हे ठरवण्याची पद्धत. बेळगावात तिचा प्रत्यय अनंत चतुर्दशीच्या रात्री येतो. गणपती कपिलेश्वर तलावाकडे सरकत असतात, ‘कुठं हाय रे?’ एवढेच विचारायचे असते, रेंजच्या काड्या पूर्ण असतात आणि फोन काही लागत नाही. काड्या सिग्नलचा जोर दाखवतात. टॉवरवर जागा आहे का, हे त्यांना ठाऊक नसते.

टू-जीच्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या एका वाहक लहरीचे आठ कालखंड, म्हणजे आळीपाळीने येणारे वेळेचे तुकडे, पाडतात. एक खंड सूचनांसाठी ठेवला की बोलायला सात उरतात; याच सात वाहिन्या. सातांवर किती जणांचे भागते, हे डॅनिश गणिती आग्नेर क्रारूप अर्लांग यांच्या १९१७ च्या सूत्राने काढतात. प्रत्येक जण तासाला सरासरी तीन मिनिटे बोलतो आणि शंभरातले दोन कॉल न लागले तरी चालेल असे धरल्यास सात वाहिन्या सुमारे ५८ जणांना पुरतात. चौदा केल्या तर ११६ नव्हे, सुमारे १६४ जणांना. सामाईक साठ्याची ही किमया. मिरवणुकीत मात्र हिशेब कोलमडतो, कारण फोन न लागलेला माणूस लगेच पुन्हा बटण दाबेल, हे सूत्राने धरलेलेच नाही.

गर्दीत यंत्रणा नवा कॉल नाकारते, पण चालू कॉल होता होईल तो तोडत नाही. शेजारच्या टॉवरवरून सरकत आलेल्या कॉलसाठी काही वाहिन्या राखूनही ठेवता येतात. न लागलेल्या फोनपेक्षा मध्येच तुटलेल्याचा राग जास्त येतो, आणि ते रास्तच आहे. आवाज अधिक दाबून एका खंडात दोन कॉल बसवता येतात, फक्त बोलणे जरा घोगरे होते. फोर-जीवरील व्होल्टे या संभाषणपद्धतीत आवाज डेटाच्या पॅकेटांतून जातो आणि त्याला व्हिडिओच्या आधी वाट मिळते. अगदीच कोंडी झाली, तर सिमना दिलेल्या ० ते ९ या वर्गांपैकी काहींना थोडा वेळ रोखता येते.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र-गोवा ही वेगळी दूरसंचार परिमंडळे. कोगनोळी किंवा शिनोळीकडे घरात बसलेल्या माणसाचा फोन पलीकडच्या टॉवरला चिकटला, की पूर्वी रोमिंगचा भुर्दंड बसे. म्हणून जाणकार मंडळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडत.