सॉफ्ट पेस्ट की हार्ड पेस्ट? जुनं फ्रेंच पोर्सेलिन बघताना होणारा घोळ

दोन फुलदाण्या, दोन्हीवर आकाशी रंग, मधे गुलाबांचा गुच्छ, कडेला सोन्याची नक्षी आणि बुडाला निळ्या रंगात एकमेकांत गुंतलेली दोन इंग्रजी एल अक्षरं, म्हणजे फ्रान्सच्या सेव्र इथल्या राजेशाही पोर्सेलिन कारखान्याचा शिक्का. ऑक्शनला एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट. यावर लोक लगेच म्हणतात की एक खरी सेव्रची आणि एक नकली, पण तेवढं सोपं नाहीये, कारण खुद्द सेव्रच्या कारखान्यातच काही वर्षं सॉफ्ट पेस्ट आणि हार्ड पेस्ट अशा दोन वेगळ्या जातींचं पोर्सेलिन बनत होतं, तेव्हा आधी माती ओळखायची, शिक्का नंतर.

मुळात फ्रेंचांची अडचण अशी की त्यांच्याकडे काओलिनच, म्हणजे खऱ्या पोर्सेलिनला लागणारी पांढरी माती, नव्हतं. जर्मनीत माइसेनला १७१० मधे खऱ्या चिनी पद्धतीच्या पोर्सेलिनचा कारखाना सुरू झाला आणि फ्रान्सवाले मात्र सँ-क्लू, शांतियी, व्हॅंसेन इथे जुगाड करत बसले. वाळू, सोरा, मीठ, तुरटी, सोडा असलं सगळं एकत्र वितळवायचं, त्याची काच दळून पूड करायची, त्यात खडू आणि चुनखडीयुक्त माती घालायची, हे झालं सॉफ्ट पेस्ट. ही माती कारागिराच्या हाताला अजिबात ऐकत नाही, चिकटपणाच नाही, म्हणून त्यात साबण किंवा सरस घालावा लागायचा. भट्टीत वाकायची, बसायची, फुटायची, माल वाया जायचा तो वेगळाच. एवढा डोकेदुखीचा धंदा चालला कारण मागे राजा होता. व्हॅंसेनचा कारखाना १७५६ मधे सेव्रला हलवला आणि १७५९ मधे पंधराव्या लुईने तो सरळ विकतच घेतला, त्याची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचा पाठिंबा होताच.

हार्ड पेस्टचं गणित सरळ आहे, काओलिन आणि फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं एक खनिज), आणि साधारण १,४०० अंशांची भट्टी. १७६८ च्या सुमारास लिमोजजवळ सँ-तिरिए गावात पांढरं शुभ्र काओलिन सापडलं (एका सर्जनच्या बायकोला ती माती कपडे धुवायला बरी वाटली अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी माहीत नाही पण गोड आहे) आणि १७७० च्या दशकात सेव्रला हार्ड पेस्ट सुरू झालं. लिमोजचा स्वतःचा कारखाना १७७१ चा.

आता मुद्द्याचं, म्हणजे डोळ्यांना काय दिसतं. सॉफ्ट पेस्टवरची झिलई शिशाची असते, ती कमी तापमानाला वितळते, त्यामुळे वरून रंगवून पुन्हा भाजलं की रंग झिलईत थोडा उतरतो, मिसळतो, आणि गुलाबाची पाकळी आतून ओली असल्यासारखी दिसते. १७५३ चा तो प्रसिद्ध आकाशी, ब्ल्यू सेलेस्त, तो असाच खोल दिसतो. हार्ड पेस्टची झिलई फेल्डस्पारची, पक्की, ती रंग भाजायच्या तापमानाला हलतच नाही, म्हणून रंग वर बसून राहतो, बोट फिरवलं तर कधी कधी कड लागते. चित्र जास्त रेखीव येतं हे मान्य, पण मला विचाराल तर थंड वाटतं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने १७७६ मधे सेव्रला जी अख्खी आकाशी डिनर सर्व्हिस मागवली ती सॉफ्ट पेस्टमधेच बनली, तोवर हार्ड पेस्ट हाताशी येऊन काही वर्षं झाली होती तरीसुद्धा!

टवका उडाला असेल तर बघा, सॉफ्ट पेस्ट आतून साखरेच्या ढेकळासारखी रवाळ दिसते आणि हार्ड पेस्टचा तुटका भाग गुळगुळीत, चमकदार. सॉफ्ट पेस्टच्या ताटावर सुरीचे ओरखडे सहज पडतात, झिलई कोपऱ्यात साचलेली असते. कानशीने घासून बघायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका.

शिक्क्याचं म्हणाल तर १७५३ पासून दोन एलच्या मधे वर्षाचं अक्षर टाकायला लागले, ए म्हणजे १७५३, बी म्हणजे १७५४, असं पुढे. इथेच नकलवाले सापडतात. वस्तू हार्ड पेस्टची आणि अक्षर १७५० च्या दशकातलं, तर बाद, कारण तेव्हा सेव्रकडे ती माती नव्हतीच. बी अक्षर आणि अंगावर सेव्रचा गुलाबी रंग, तरी बाद, तो गुलाबी १७५७ च्या आसपासचा. पॅरिसच्या साम्सोंसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या घराण्यांनी जुन्या वस्तूंच्या कॉप्या काढल्या त्या बहुतेक हार्ड पेस्टमधे, म्हणून मातीची परीक्षा एवढी उपयोगी पडते.

पण एक पेच आहेच. १८०० मधे आलेल्या डायरेक्टर ब्रोंन्यारने १८०४ मधे सॉफ्ट पेस्ट बंद केली आणि गोदामातला जुना पांढरा, न रंगवलेला माल विकून टाकला, तो बाहेरच्या रंगाऱ्यांनी उचलला आणि त्यावर राजेशाही थाटाची चित्रं काढून सोनं चढवलं. अशा वस्तूची माती अस्सल असते, बनावट फक्त रंगकाम असतं. तिथे माती बघून भागत नाही, रंग कुठे काळवंडलाय का, पांढऱ्या भागात काळे ठिपके आलेत का हे भिंगाखाली बघावं लागतं, कारण जुनी झिलई पुन्हा भट्टीत गेली की बऱ्याचदा असे डाग पडतात.