बोटांवर तोललेलं सिमेंटचं पोतं

१५४५ साली इंग्लंडची 'मेरी रोझ' ही युद्धनौका पोर्ट्‌समथजवळ बुडाली. १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढला. गाळात जपून राहिलेली १३७ अखंड धनुष्यं मिळाली, बहुतेक माणसापेक्षा उंच. ती पूर्ण ओढायला ४५ ते ८० किलोचा जोर लागत असावा, असा हिशेब निघाला. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. तेवढा भार बोटांवर पेलायचा, कानापर्यंत ओढायचा, सोडायचा. आणि मिनिटाला आठ-दहा वेळा!

हे धनुष्य यू नावाच्या झाडाच्या एकाच दांड्यातून घडवत. सालीलगतचं फिकट लाकूड ताण सोसतं, गाभ्याचं तांबूस लाकूड दाब. म्हणून फिकट बाजू शत्रूकडे, तांबूस तिरंदाजाकडे. निसर्गानेच जोडून दिलेले दोन थर, सरस लावायची गरज नाही.

या धनुष्यापुढे तोड्याची (जळत्या दोरीने बार पेटवणारी) बंदूक म्हणजे कटकटच. दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, नळीच्या छिद्राशी बारीक दारू ठेवा, जळता तोडा फुंका, मग बार. मिनिटाला एखादा, फार तर दोन. नेम यथातथाच, आणि पाऊस आला की तोडा विझलाच.

तरी जिंकली तीच. बाणातली सगळी ऊर्जा तिरंदाजाच्या पाठीतून आणि खांद्यातून येते, जेमतेम शंभर ज्यूलच्या आसपास. मस्केट या जड बंदुकीच्या गोळीत ती हजार-दीड हजाराच्या पुढे जाते, कारण ती दारूत आधीच साठवलेली असते. चाप ओढणारा पैलवान असो की पाप्याचं पितर, गोळीला फरक पडत नाही.

तिरंदाज मात्र लहानपणापासून घडवावा लागे. १३६३ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने सुट्टीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला आणि फुटबॉलसारख्या खेळांना मनाई केली. (पोरांनी किती ऐकलं असेल, देव जाणे.) 'मेरी रोझ'वरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक जुळलेलंच नव्हतं, कोवळ्या वयातल्या ताणाची ही खूण असावी, असं संशोधकांना वाटतं.

१५९० च्या दशकात सर जॉन स्मिथ यांनी छापील वाद घालून बंदुकीविरुद्ध धनुष्याची बाजू लढवली. हम्फ्री बारविक या अनुभवी सैनिकाने त्यांना उत्तर दिलं. त्याचा एक मुद्दा मला सगळ्यांत पटतो: घरच्यासारखं तीन वेळ जेवण आणि रात्री ऊब मिळाली नाही, की मोहिमेवरचा तिरंदाज गारठतो, अशक्त होतो आणि त्याचे बाण लांब जातच नाहीत. १५९५ मध्ये राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलने (सल्लागार मंडळाने) प्रशिक्षित दलांतली धनुष्यं काढून बंदुका द्यायचा हुकूम काढला.