२० लाख कोटींचं पॅकेज: त्यात कर्ज किती आन खर्च किती

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, केंद्र सरकारचं २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकानं देशाच्या १३० कोटी लोकांनी भागाकार करून टाकला, माणशी पंधरा हजार, आन मग "आमचे कुठंयत?" सुरू. मंदीचा विषय निघाला की अजूनही तोच हिशोब फॉरवर्ड होऊन येतो, डोकं उठतं.

रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, हा रिझर्व्ह बँकेचा कारभार, तेव्हा तो ४ टक्क्यांवर आणला होता, बास. फक्त एवढंच की रिझर्व्ह बँकेनं बाकी बँकांना मोकळे केलेले ८ लाख कोटीसुद्धा त्याच २० मध्ये धरलेले होते, ते सरकारी तिजोरीतले नव्हतेच.

खरी गफलत त्याच पॅकेजातल्या छोट्या उद्योगांच्या ३ लाख कोटींत होते. ते सरकारनं वाटले नाहीत, ते बँकेनं द्यायचं कर्ज आन सरकार नुसतं जामीन. जामीनदाराचा खिसा कधी हलका होतो? कर्ज बुडलं तरच. माझ्या मामेभावाचं जालन्यात हार्डवेअरचं दुकान, बँकेतून स्वतःहून फोन, आधीच्या बाकीच्या २० टक्के अजून घ्या, तारण नको. तो म्हणला साहेब, पत्रे आन पाइप शटरच्या आत पडून आहेत, गिऱ्हाईक नाही, अजून माल भरून करू काय? शेवटी घेतलं, व्यापाऱ्याची जुनी देणी आन लाइट बिल भागवलं. दुकान टिकलं, हे मान्यच. पण गिऱ्हाईक काही त्या कर्जानं आलं नाही.

खर्च म्हणजे जो परत मागायचा नसतो. मनरेगाला, म्हणजे रोजगार हमीला, जादा ४० हजार कोटी, बायांच्या जनधन खात्यावर महिना ५०० असे तीन महिने. चिल्लर वाटते, पण ५०० आले त्याच दिवशी तेल-साखर येते, किराणावाला ठोकवाल्याला देतो, ठोकवाला हमालाला, मग कुठंतरी एखादा पत्रा विकला जातो. ७२ च्या दुष्काळात आजी सरकारी कामावर खडी फोडायला जायची, हजेरीचे पैसे झाले की आठवडी बाजार भरायचा, नाहीतर ओस. मला विचाराल तर मंदीत आधी हेच करावं, कर्ज नंतर.

अर्थात खर्चातही भानगडी आहेतच. रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मजुरांची नावं आन रात्री कामावर जेसीबी, म्हणजे पैसा डिझेलात गेला. शिवाय मजुरी १५ दिवसांत द्यायचा कायदा असून दोन-दोन महिने लटकते, तोवर घरचा माणूस सावकाराकडं जाऊन आलेला असतो.