एअर इंडियाचे १८,००० कोटी सरकारच्या हातात आलेच नव्हते

‘एअर इंडिया विकून सरकारने १८,००० कोटी खिशात घातले, ते गेले कुठे?’ हा प्रश्न अजूनही फिरतोय. आकडा खरा, अर्थ चुकीचा. टाटांच्या बोलीतले १५,३०० कोटी म्हणजे कंपनीचं कर्ज, जे त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. रोख मिळाले फक्त २,७०० कोटी. ऑगस्ट २०२१ अखेर एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटी! उरलेले ४६,२६२ कोटी एका सरकारी कंपनीकडे वळवले, म्हणजे शेवटी तुमच्याआमच्या करांवरच. जमिनी-इमारती मात्र टाटांना दिल्या नाहीत. नरिमन पॉइंटची ती ओळखीची इमारत त्यातलीच. महाराष्ट्र सरकारने ती १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं.