नवी गाडी घेताय? सर्व्हिस प्लॅनवर सही करण्याआधी हे वाचा

गाडीचा रंग ठरतो, हप्ता ठरतो आणि मग शोरूमच्या टेबलावर आणखी एक कागद सरकतो. सर्व्हिस प्लॅन (काही वर्षांच्या देखभालीचे पैसे आधीच भरायचे), एक्स्टेंडेड वॉरंटी (मूळ वॉरंटीनंतरची वाढीव मुदत), गाडीच्या तळाला अंडरबॉडी कोटिंग, रंगावर टेफ्लॉनचा थर, सगळं एका रकमेत. चिपळूण आणि आसपासच्या गावांतले आमचे ग्राहक तो कागद घेऊन गॅरेजवर येतात आणि विचारतात, ‘घ्यायचा का?’ प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा हे छापून ठेवलं आहे.

आमचं गॅरेज कुठल्याही कंपनीचं अधिकृत केंद्र नाही. तरीही आमचा सल्ला असा, की वॉरंटी चालू आहे तोवर सर्व्हिस कंपनीच्या केंद्रातच करा. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सांगितलं होतं, की गाडी बाहेरच्या गॅरेजला नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. आयोगाचं म्हणणं आम्हाला अर्थातच पटतं, पण उद्या गिअरबॉक्सचा क्लेम अडला तर तुमच्या वतीने भांडायला आम्ही पुरे पडणार नाही. पंक्चर, वायपर, बल्ब, अलाइनमेंट यासाठी खुशाल या.

मोफत सर्व्हिसमध्ये मोफत काय?

मजुरी. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर यांचे पैसे द्यावेच लागतात. हजार किलोमीटरच्या सुमारास होणारी पहिली सर्व्हिस म्हणजे बहुधा नुसती तपासणी, त्यामुळे बिल जवळपास शून्य येतं आणि माणूस खूश होतो. खरं बिल मोफत कूपन संपल्यावर सुरू होतं. कितव्या सर्व्हिसपर्यंत मजुरी माफ आहे हे कंपनीगणिक वेगळं असतं. सर्व्हिस बुकलेटमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं, तेवढं पान आधी वाचा.

बहुतेक पेट्रोल गाड्यांचं वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते. आपल्याकडे ‘जे आधी येईल ते’ हेच विसरलं जातं. मालक मुंबईत, गाडी गावच्या घरी, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरते. ‘चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला?’ म्हणून वर्ष उलटून जातं आणि वॉरंटीची अट तिथेच मोडते.

प्लॅनचं गणित

आकडे गणितासाठी गोल धरले आहेत. छोटी पेट्रोल गाडी, ३ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरचा प्लॅन, किंमत १५,५०० रुपये. आता प्लॅन न घेता काय लागेल? पहिल्या वर्षी मजुरी माफ, ऑइल-फिल्टरचे २,५००. दुसऱ्या वर्षी ६,०००. तिसऱ्या वर्षी ५,५००. बेरीज १४,०००. म्हणजे प्लॅन दीड हजाराने महाग पडला, कारण जी मजुरी तुम्हाला तशीही माफ होती तिचेही पैसे त्यात धरले गेले. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पुढच्या तीन वर्षांत ऑइल आणि मजुरी महागली तरी तुमचा दर बांधलेला राहतो. त्यासाठी दीड हजार मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही मोजणार नाही. मात्र हाच प्लॅन १२,००० ला मिळत असेल तर घेऊन टाका.

तीच रक्कम कर्जात घातली असेल तर हिशेब पार बदलतो. १५,५०० रुपये ९ टक्क्यांनी ५ वर्षं फेडताना सुमारे ३,८०० रुपये व्याज जातं. गंमत म्हणजे प्लॅन तीन वर्षांत संपतो आणि त्याचा हप्ता पुढे दोन वर्षं चालू राहतो. प्लॅन घ्यायचाच तर रोख किंवा कार्डाने वेगळा घ्या.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ होता. शेजाऱ्याच्या जुन्या बिलाशी किंवा जुन्या दरपत्रकाशी तुलना करताना हे लक्षात घ्या.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न फार नाहीत. प्लॅन कंपनीचा आहे की त्या डीलरचा? डीलरचा असेल तर तो त्याच्याच वर्कशॉपमध्ये चालतो. मुलाची बदली पुण्याला झाली आणि गाडी तिकडे गेली, की पैसे अडकले. गाडी विकली तर प्लॅन नव्या मालकाच्या नावावर होतो का? ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर धरले आहेत का? कुंभार्ली किंवा परशुराम घाटातून रोज ये-जा करणाऱ्यांचे ब्रेक पॅड सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर झिजतात, त्यामुळे पॅड धरलेला प्लॅन त्यांना परवडतो. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा ३०,००० चा प्लॅन दीड वर्षात संपतो, ही तक्रार नंतर करून उपयोग नाही.

डिझेल गाडीला ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टरचा खर्च वेगळा. इलेक्ट्रिकला इंजिन ऑइलच नाही, म्हणून तिचा महागडा प्लॅन कोणी पुढे केला तर त्यात नेमकं काय बदलणार हे लिहून मागा.

एक्स्टेंडेड वॉरंटी वेगळी

सर्व्हिस प्लॅन देखभालीचे पैसे भरतो, वॉरंटी बिघाडाचे. दोन्ही एकाच ओळीत छापलेले असले तरी दोन्ही एकत्र घ्यायची सक्ती नसते. मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी २ वर्षांवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते. उशीर केला की किंमत सहसा वाढते, पण डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यायला हवी असं नाही. टचस्क्रीन, सेन्सर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली गाडी पाच-सात वर्षं ठेवणार असाल तर आम्ही घ्या म्हणू. उंदराने वायरिंग कुरतडलं तर मात्र यातून काही मिळत नाही. बोनेटखाली उंदीर हा आपल्याकडचा वर्षभराचा पाहुणा.

आणि पुराचं काय? जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या चिपळूणकरांना सांगायला नकोत. पुराचं नुकसान ना सर्व्हिस प्लॅनमध्ये येतं ना वॉरंटीत. ते विम्यात येतं, तेही निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत नाही. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला गेल्याने जे मोडतं ते साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही (आपल्या गाडीचं नुकसान भरणाऱ्या) सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन लागतं. टेफ्लॉनचे पैसे वाचवून ते इथे घाला. पाण्यात राहिलेल्या गाडीचा स्टार्टर मारू नका, बॅटरीची वायर काढा आणि टोइंगला फोन करा.

जॉब कार्डावरची वरकड कामं

जॉब कार्ड म्हणजे वर्कशॉपने तुमच्या सहीसाठी लिहिलेली कामांची यादी. प्लॅन असो वा नसो, बिल फुगतं ते इथे. दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसलाच इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), डीकार्बनायझिंग (आतली काजळी काढणं), एसी डिसइन्फेक्शन, इंटिरिअर क्लिनिंग. मॅन्युअलच्या वेळापत्रकात जे नाही ते नव्या गाडीला करू नका. सही करण्याआधी जॉब कार्डावर लिहायला लावा, ‘फक्त वेळापत्रकातली कामं, जास्तीचं काही विचारल्याशिवाय नाही’. ऑइलचा ग्रेडही बिलावर पाहा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर तेच हवं.

कोटेशन घेऊन गॅरेजवर आलात तर आम्ही ते तुमच्यासमोर वाचून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून या. तेव्हा मुंबईहून आलेल्या गाड्यांमुळे आम्हाला चहा प्यायलाही फुरसत नसते.