जुनी बेसबॉल कार्डं ग्रेडिंगला पाठवताना: कोणती कंपनी, कोणता फॉर्म आणि कार्डं परत का येतात

चार महिने वाट पाहिल्यावर पाकीट येतं. आत कार्ड गेलं तसंच, फी वळती झालेली, आणि सोबतच्या कागदावर एकच शेरा: ‘एन१’. पीएसए ही कार्डं अस्सल आहेत का ते तपासून त्यांना दर्जाचा आकडा, म्हणजे ग्रेड, देणारी कंपनी. तिच्या भाषेत याचा अर्थ कार्डाच्या कडा कापल्याचा पुरावा सापडला. कोणती कड, किती कापली, कशावरून ठरवलं, यातलं काही लिहिलेलं नसतं. ज्यानं ते कार्ड एखाद्या घरगुती विक्रीत विश्वासानं घेतलं, त्याला काहीच उलगडत नाही. एवढी फी घेणाऱ्या कंपनीनं दोन ओळींचं कारण द्यायला हवं, पण ते मिळत नाही. म्हणून शक्य ती तपासणी पाकीट बंद करण्याआधी घरीच करावी लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता अशी कार्डं दिसतात. मुलं लिटल लीगमध्ये खेळतात, कुणी शेजारच्या आजोबांकडून डबाभर कार्डं विकत घेतं. खालची माहिती १९८० आणि त्याआधीच्या कार्डांपुरती आहे. बाजारात साधारण याच कार्डांना व्हिंटेज म्हणतात.

कोणतं कार्ड पात्र ठरतं

कार्ड अस्सल हवं, छापखान्यातून आलं त्या मापाचं हवं आणि त्यावर नंतर कुणी हात चालवलेला नसावा. मळकं, दुमडलेलं, गोल कोपऱ्यांचं कार्ड चालतं, त्याला फक्त खालचा ग्रेड मिळतो. पीएसएच्या १ ते १० या मापात ४ ला हलकी घडी चालते, २ ला अनेक घड्या चालतात. नाकारलं जातं ते ‘सुधारलेलं’ कार्ड.

मापापासून सुरुवात करा. टॉप्स कंपनीचं १९५७ पासूनचं नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच असतं. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं याहून मोठी, २.६२५ बाय ३.७५ इंच. १९३३ चं गौडी कंपनीचं कार्ड २.३७५ बाय २.८७५ इंच. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेली टी२०६ मालिकेची कार्डं त्याहून लहान, साधारण १.४४ बाय २.६३ इंच. कागदावर छापलेलं माप आणि हातातलं कार्ड यांत किंचित फरक असतोच, कारण त्या काळची कटाई ढिली होती. त्यामुळे नुसत्या पट्टीवर विसंबू नका. त्याच वर्षाचं, त्याच मालिकेचं एखादं स्वस्त कार्ड शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या कडा जुळवून पाहा. खालची कड लाटेसारखी असेल, एक बाजू बाकीच्या तीन बाजूंपेक्षा जास्त पांढरी आणि धारदार असेल, किंवा कोपरे झिजलेले असूनही मधली कड कोरी असेल, तर संशय घ्या. साठ वर्षांची झीज चारही बाजूंना सारखी नसली तरी एकाच स्वभावाची असते.

इथे एक अपवाद माहीत असावा, नाहीतर चांगलं कार्ड उगाच बाजूला पडतं. टी२०६ कार्डाच्या मागे सिगारेटच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या जाहिराती असतात. त्यांतली अमेरिकन ब्युटीची कार्डं मुळातच अरुंद आहेत, कारण ती अरुंद पाकिटात बसवायची होती. टी२०६ अरुंद वाटलं तर आधी उलटून मागचा ब्रँड वाचा.

मुलांनी कात्रीनं कापलेल्या कार्डांचं प्रकरण वेगळं. १९२० च्या दशकातल्या पट्टीतून कापायच्या कार्डांना, १९६१ ते १९६३ च्या पोस्ट सिरियलच्या डब्यांवरच्या कार्डांना किंवा १९७५ ते १९७९ च्या होस्टेस या केकच्या ब्रँडच्या कार्डांना ‘कारखान्याची कड’ कधी नव्हतीच. ती पात्र असतात, पण कापताना छापील सीमारेषा शिल्लक राहिलेली हवी. रेषेच्या आत कात्री गेली असेल तर आकडी ग्रेड मिळणार नाही, फक्त ‘ऑथेंटिक’ (अस्सल) असं लेबल मिळेल.

आता रिप्रिंट. टॉप्सनं स्वतःच १९८३ मध्ये १९५२ च्या संचाची पुनर्छपाई केली. ती अडीच बाय साडेतीन इंचांत आहे, म्हणजे मापावरूनच कळते. टी२०६ ची नकली कार्डं मात्र पोत्यानं फिरतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खाली छापलेलं खेळाडूचं नाव पाहा. अस्सल कार्डावर अक्षरं सलग शाईची असतात. अलीकडच्या छपाईत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांनी बनलेली दिसतात. दुसरी कसोटी अतिनील टॉर्चची. कागद चकाकता करणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, त्यामुळे युद्धापूर्वीचं म्हणवणारं कार्ड अंधारात निळसर पांढरं उजळलं तर ते पाठवण्यात अर्थ नाही.

रंग भरलेली कार्डं हा नाकारलं जाण्याचा आणखी एक मोठा प्रकार. १९७१ च्या टॉप्सला काळी किनार आहे, ती हात लावताच उडते आणि खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो. मग कुणीतरी मार्करनं ती काळी करतं. भिंगाखाली कडेवर पाहिलं की शाई पुठ्ठ्यात झिरपलेली कळते. १९६२ ची लाकडी नक्षीची किनार आणि १९५५ च्या बोमन कंपनीच्या कार्डाची तपकिरी चौकटही अशीच तपासा. जुन्या वहीत चिकटवलेलं कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडवणं सहसा खपून जातं, रसायन वापरलं तर मात्र ते साफसफाईच्या शेऱ्यासह परत येतं. घरी खोडरबर, ओलं फडकं, इस्त्री यांतलं काहीही कार्डाला लावू नका. ४ मिळणारं कार्ड त्यामुळे कायमचं ‘बदललेलं’ ठरतं.

तपासणारी माणसंही चुकतात, हे लक्षात असू द्या. पीएसएनं अगदी पहिलं ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे टी२०६ मधलं होनस वॅग्नरचं प्रसिद्ध कार्ड. त्याला ८ मिळाले होते. २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना त्या कार्डाच्या कडा आपण कापल्याचं मान्य केलं. म्हणून स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड दिल्यावर कंपनी ज्या कडक प्लास्टिकच्या डबीत कार्ड घालते तिच्यात, बंद असलेलं कार्ड विकत घेतानाही डोळे उघडे ठेवा.

कंपनी निवडताना

पहिला प्रश्न नावाचा नाही. कार्ड विकायचं आहे की ठेवायचं, आणि ते कोणत्या काळातलं आहे, हे आधी ठरवा.

युद्धानंतरची टॉप्स किंवा बोमन कार्डं विकायची असतील तर बहुतेक वेळा पीएसए. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा ग्राहकवर्ग सर्वांत मोठा आहे. तिच्या ‘सेट रजिस्ट्री’त, म्हणजे संग्राहकांच्या संचांच्या नोंदीत, संच पूर्ण करणाऱ्यांना पीएसएचंच स्लॅब लागतं, म्हणून मागणी टिकते आणि भाव वर राहतो.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या एसजीसीला युद्धपूर्व कार्डांच्या संग्राहकांत जुना मान आहे. तिच्या स्लॅबच्या काळ्या चौकटीत टी२०६ ची पांढरी किनार उठून दिसते, आणि लहान मापाची कार्डं आत घट्ट बसतात. ‘एसजीसी म्हणजे दुय्यम’ हा समज सोडून द्या. १९५२ च्या टॉप्समधलं मिकी मँटलचं जे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते एसजीसी ९.५ होतं. फेब्रुवारी २०२४ पासून पीएसए आणि एसजीसी एकाच मालकीच्या आहेत. दोन खिडक्या, मालक एक. तरी नियम, फी आणि फॉर्म वेगळे आहेत, तेव्हा एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

बेकेट या तिसऱ्या कंपनीची १९८० पर्यंतच्या कार्डांसाठी बीव्हीजी ही वेगळी शाखा ओळखली जाते. मधोमधपणा, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग असे चार उपग्रेड हे बेकेटचं वैशिष्ट्य. कार्ड कुठे कमी पडलं हे कळतं, शिकण्यासाठी उत्तम. सीजीसी २०२१ मध्ये सीएसजी या नावानं बेसबॉलकडे वळली आणि २०२३ मध्ये सीजीसी कार्ड्स झाली. ठेवायच्या कार्डांसाठी ती ठीक आहे, पण व्हिंटेज विकताना पीएसएइतका भाव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मधोमध न छापलेल्या कार्डांचा मुद्दा निवडीच्या वेळीच पाहायचा असतो. १९५० आणि ६० च्या दशकांतली पुष्कळ टॉप्स कार्डं एका बाजूला सरकलेली आहेत. पीएसए अशा कार्डाला ‘८ ओसी’ (ओसी म्हणजे ऑफ सेंटर, मधोमध नसलेलं) असा शेपटीचा ग्रेड देते. अर्जात ‘नो क्वालिफायर’ मागितलं तर शेपूट जाते, पण ग्रेड साधारण दोन पायऱ्या उतरतो. पीएसए ६ साठी पुढच्या बाजूची किनार सुमारे ८०/२० पर्यंत (एका बाजूला ८० टक्के, समोरच्या बाजूला २०) आणि ५ साठी ८५/१५ पर्यंत सरकलेली चालते. पारदर्शक पट्टीनं डावी-उजवी किनार मोजा, अंदाज बऱ्यापैकी येतो. एसजीसी शेपूट लावत नाही, थेट ग्रेड कमी करते. विकायचं असेल तर साधा ६ हा ‘८ ओसी’पेक्षा समजावून सांगायला सोपा जातो.

फॉर्ममधली अडणारी जागा: डिक्लेअर्ड व्हॅल्यू

सगळ्यांत जास्त लोक इथे ठेचकाळतात. डिक्लेअर्ड व्हॅल्यू म्हणजे तुम्ही कार्ड कितीला घेतलंत ते नव्हे. ग्रेड मिळाल्यानंतर त्याची जी किंमत होईल तिचा तुमचा अंदाज. प्रत्येक सेवास्तराला, म्हणजे फी आणि मुदतीनुसारच्या प्रकाराला, कार्डामागे किमतीची कमाल मर्यादा असते. समजा तुम्ही ५०० डॉलरची मर्यादा असलेला स्तर निवडला आणि ग्रेडनंतर कार्ड ९०० डॉलरचं ठरलं, तर वरच्या स्तराची फी तुमच्या क्रेडिट कार्डावर लावली जाते. फी वाचवायला मुद्दाम कमी आकडा लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांनी लक्षात घ्यावं की वाटेत पार्सल हरवलं तर भरपाईचा हिशेब त्याच आकड्यावर होतो. आकडा काढताना विक्रेत्यांनी मागितलेली किंमत पाहू नका. अपेक्षित ग्रेडमधलं तेच कार्ड गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं, ते पाहा.

दुसरी गफलत मुदतीची. स्तरापुढे ‘४५ दिवस’ लिहिलं असेल तर ते कामाचे दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. ते नऊ आठवडे होतात. शिवाय घड्याळ सुरू होतं ते पार्सल पोचल्यावर नव्हे, तर उघडून नोंद झाल्यावर. त्यातही तो अंदाज आहे, वचन नाही. वाढदिवसाची भेट किंवा लिलावाची तारीख गाठायची असेल तर दुप्पट वेळ धरा.

घाऊक, स्वस्त स्तरांना कार्डांची किमान संख्या, अनेकदा २०, आणि सशुल्क सदस्यत्व लागतं. अटी आणि दर वरचेवर बदलतात, म्हणून फॉर्म भरायच्या दिवशीच दरपत्रक उघडून वाचा. कार्डाचं वर्ष, मालिका, क्रमांक आणि उपप्रकार नीट लिहा. महागड्या कार्डाबाबत थोडाही संशय असेल तर ‘बदललेलं आढळल्यास ऑथेंटिक म्हणून स्लॅबमध्ये घालावं’ ही सूचना आधीच द्या. मँटलच्या १९५२ च्या कार्डाला तसंही मोल आहे. मालकीचं बिल किंवा वारसाचा दाखला कुणी मागत नाही, त्यासाठी अडून बसू नका.

फीचा हिशेब मांडायला संकोच नको. समजा कार्डामागे २५ डॉलर, दहा कार्डं, म्हणजे २५० आणि वर जाण्यायेण्याचा खर्च. १९६० च्या दशकातलं गोल कोपऱ्यांचं साध्या खेळाडूचं कार्ड ३ ग्रेडला एवढं परत देत नाही. डबाभर कार्डांतून पाच निवडा.

बांधणी आणि टपाल

आधी पातळ प्लास्टिकचं आवरण, मग कार्ड सेव्हर १ सारखा लवचीक धारक. स्क्रूचे जाड धारक नकोत. फॉर्ममधल्या क्रमानंच कार्डं रचा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, रबर हलकं, बबलची गुंडाळी आणि खोकं.

विमा हा खरा प्रश्न. खासगी कुरिअरच्या अटींत संग्राह्य वस्तूंची भरपाई मर्यादित असते, लेबलवर कितीही आकडा लिहिला तरी. अमेरिकी टपालखात्याच्या रजिस्टर्ड मेलमध्ये ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. ती सेवा संथ आहे, पण प्रत्येक हातात सहीनं जाते. तिथे लोक खिडकीवरून परत फिरतात ते टेपमुळे. खोक्याच्या सांध्यांवर शिक्के मारायचे असल्यानं चकचकीत प्लास्टिकची टेप चालत नाही, कागदी टेपच लागते. आणि जो कागद दाव्याच्या वेळी कुणाकडेच नसतो तो आधी तयार करा: प्रत्येक कार्डाचे पुढचे-मागचे फोटो, यादी आणि अलीकडच्या विक्रीचे पुरावे.

भारतातून पाठवायचं झालं तर जाताना निर्यातीच्या कागदांवर प्रत्येक कार्डाचं वर्ष, मालिका, क्रमांक असू द्या. नुसतं ‘पेपर कार्ड्स’ लिहिलं तर परत येताना तेच कार्ड तुमचं होतं हे सीमाशुल्क विभागाला दाखवता येत नाही आणि नवी आयात समजून शुल्क लागू शकतं. अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांच्या पत्त्यावरून व्यवहार करणं सोपं.

स्लॅब हातात आल्यावर

लेबलवरचं नाव, वर्ष, उपप्रकार वाचा आणि प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. छापण्यात चूक असेल तर स्लॅब न उघडता लगेच कळवा. ग्रेड पटला नाही म्हणून तोडून दुसऱ्या कंपनीकडे पाठवायची घाई करू नका, तोडताना कोपरा गेला की सगळं गेलं. ‘क्रॉसओव्हर’, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडून ग्रेड घेण्याच्या, सेवेत बंद स्लॅबच पाठवता येतो आणि किमान कोणता ग्रेड मान्य आहे ते लिहिता येतं. तेवढा मिळाला नाही तर कार्ड जुन्या स्लॅबमध्येच परत येतं. फी मात्र जाते, तेव्हा अर्धा ग्रेड वाढवण्यासाठी ती भरण्याआधी दोन्ही ग्रेडच्या विक्रीच्या किमती शेजारी मांडून पाहा.